दरपाटी : बेळगाव–खानापूर भागातल्या अंड्यांच्या घाऊक भावाच्या प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२५

७ जून

कामाची हद्द ठरली. पाच लेयर (अंड्यांसाठी पाळलेल्या कोंबड्यांच्या) शेड घ्यायच्या, तीन खानापूर तालुक्यातल्या आणि दोन बेळगाव तालुक्यातल्या, मिळून २,४०० पक्षी. शिवाय गावरान कोंबड्या पाळणाऱ्या बायकांचे दोन गट. प्रत्येक गावात दूध डेअरीच्या भिंतीवर एक दरपाटी लावायची. सकाळी दूध घालायला सगळेच येतात, त्यामुळे वेगळं सांगत फिरावं लागत नाही.

जाहीर दर एनईसीसीचा, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा घ्यायचा. १९८२ साली डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने ही समिती उभी राहिली, ‘माझं अंडं, माझा भाव, माझं जीवन’ या घोषणेवर. तोवर भाव व्यापारी सांगेल तो असायचा. समिती रोज केंद्रवार दर जाहीर करते, पण तो सुचवलेला दर असतो, बंधनकारक नसतो. पाटीवर ही ओळ पहिली हवी. नाहीतर माणूस मोबाईलवर दर बघून शहरात जातो आणि तिथे भांडण होतं.

यादीत आपल्याला लागू पडणारी केंद्रं दोन, होस्पेट आणि पुणे. ही उत्पादन केंद्रं, म्हणजे दर फार्मावरचा. मुंबई, बेंगळूरु ही खपाची केंद्रं, त्यांच्या दरात वाहतूक धरलेली असते. मुंबईचा दर बघून खानापुरात भाव मागणं चूक आहे. बेळगावच्या बाजाराला होस्पेट धरायचं आणि निपाणी–चिकोडीकडच्यांनी पुणेही बघायचं, असं ठरलं.

दर नेहमी शेकड्याचा असतो. ट्रे ३० चा, पेटी ७ ट्रेची म्हणजे २१० अंड्यांची. या नोंदींत रोजचा दर लिहिलेला नाही, कारण तो आज असतो आणि उद्या बदलतो. हिशेब समजावा म्हणून सगळीकडे शेकडा ५०० धरला आहे. त्या दराने अंडं ५ रुपये, डझन ६०, ट्रे १५०, पेटी १,०५०. शेकड्यात १० रुपये हलले की ट्रेत ३ आणि पेटीत २१ हलतात. एवढं तोंडपाठ हवं.

सगळ्यात जास्त फसगत गोल आकड्यात होते. ‘पेटी हजाराला टाका’ हे ऐकायला बरं वाटतं. हजार भागिले २१० केलं की शेकडा ४७६ येतो. पाचशेच्या दिवशी हजाराला पेटी देणारा शेकड्यामागे २४ रुपये सोडतो आणि भाव पाडला असं त्याला वाटतही नाही.

१४ जून, शनिवार

बेळगावच्या शनिवारच्या बाजारात गावरान अंड्यांचं वजन केलं. रिकामा ट्रे आधी तोलायचा, मग भरलेला. कोरडा कागदी ट्रे ६८ ग्रॅम भरला, पावसात भिजलेला ८१. ट्रे न तोलता वजन धरलं तर पावसाळ्यात आकडे चुकतात.

गावरान ३० अंडी : १,२१० ग्रॅम, म्हणजे अंड्याला ४० ग्रॅम. शेडमधल्या बीव्ही-३०० या लेयर जातीची ३० अंडी : १,६५६ ग्रॅम, अंड्याला ५५. अॅगमार्कची प्रतवारी अशी : ६० ग्रॅम आणि वर एक्स्ट्रा लार्ज, ५३ ते ५९ लार्ज, ४५ ते ५२ मीडियम, ३८ ते ४४ स्मॉल. घाऊक बाजार ही नावं वापरत नाही, ‘माल मोठा’, ‘माल बारीक’ एवढंच म्हणतो. पण भाव कापतो मात्र वजनावरच.

गावरान अंडं नगावर विकलं जातं, शेकड्याचा दर त्याला लागत नाही. त्यामुळे दरपाटीवर गावरानची ओळ वेगळी. दोन गोष्टी बायकांच्या गटाला सांगायच्या. पहिली, तपकिरी कवच म्हणजे गावरान नव्हे. गिरिराज, स्वर्णधारा या कर्नाटकात तयार झालेल्या जातीही तपकिरी अंडं देतात. त्या परड्यात फिरून चरत असतील तर अंडं चांगलंच आहे, पण ते ‘गिरिराजचं’ म्हणून विकावं. एकदा गिऱ्हाईकाचा विश्वास गेला की खऱ्या गावरानालाही भाव मिळत नाही.

दुसरी जास्त महत्त्वाची. कळपात कोंबडा असला की अंडं फळलेलं असतं. शेडमधल्या लेयरजवळ कोंबडा नसतो, म्हणून ते अंडं उन्हात पडलं तरी त्यात जीव धरत नाही, फक्त शिळं होतं. फळलेलं अंडं उकाड्यात तीन-चार दिवस राहिलं की आत रक्ताची रेघ दिसू लागते. आठवडाभर साठवून शनिवारी आणलेल्या टोपलीत अशी अंडी निघतात आणि सगळी टोपली बदनाम होते. उपाय दोन : अंडी माठाशेजारी ओल्या वाळूवर ठेवलेल्या टोपलीत साठवायची, आणि पिल्लं काढायची नसतील तेव्हा कोंबडा वेगळा ठेवायचा. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

बाजारातली भाषा टिपली. बैलहोंगल–सौंदत्तीकडचा गिऱ्हाईक ‘तत्ती’ म्हणतो, बेंगळूरुकडून आलेला ‘मोट्टे’. पाटी दोन्ही भाषांत हवी.

२८ जून

अंड्यांची फूट मोजली. जांबोटी रस्त्यावरच्या शेडमधून बेळगावात सहा पेट्या गेल्या, १,२६० अंडी. उतरवल्यावर ३१ तडकलेली, ९ गळकी. गळकं अंडं शून्य भावाचं. तडकलेलं पण आतला पापुद्रा शाबूत असलेलं ऑम्लेटच्या गाड्यावर किंवा बेकरीत त्याच दिवशी साधारण अर्ध्या भावाने जातं. ९ गुणिले ५ म्हणजे ४५, ३१ गुणिले अडीच म्हणजे साडेसत्त्याहत्तर. एकूण १२२.५० रुपये तोटा, शेकड्याला पावणेदहा. दलालाशी दहा रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस होते. तेवढेच दहा रुपये रस्त्यावर सांडत होते.

कारणं एकेक करून तपासली.

ट्रे. पावसाळी हवेत कागदी ट्रे मऊ पडतो, मधे झुकतो आणि खालच्या थराच्या अंड्यांवर भार येतो. तडकलेल्यांपैकी बहुतेक खालच्या दोन ट्रेतली निघाली. सात ट्रेच्या वर थर चढवायचा नाही, सगळ्यात खाली प्लास्टिकचा ट्रे, आणि ट्रेचे गठ्ठे जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवायचे.

अंड्याची दिशा. टोकदार बाजू खाली. हवेची पोकळी रुंद बाजूला असते, ती वर राहिली की बलक मध्यावर राहतो आणि टिकाऊपणाही वाढतो. घाईत भरलेल्या ट्रेत आडवी अंडी सापडली, तीच शेजारच्याला लागतात.

कवच. इथे मुळातच कच्चेपण होतं. त्या शेडमधले पक्षी ६८ आठवड्यांचे. वय वाढलं की अंडं मोठं होतं पण कवचात उतरणारं कॅल्शियम तेवढंच राहतं, म्हणून कवच पातळ होतं. लेयरच्या खाद्यात कॅल्शियम ४ टक्क्यांच्या आसपास लागतं, आणि ते कशातून येतं त्यालाही महत्त्व आहे. चुनखडीची पूड लगेच आतड्यातून निघून जाते. कवच रात्री बनतं, वीसेक तास लागतात त्याला. तेव्हा पोटात काहीतरी हळूहळू विरघळत राहायला हवं. म्हणून चुनखडीचा दोन ते चार मिलिमीटरचा खडा किंवा शिंपल्यांचा चुरा, आणि तोही दुपारनंतरच्या खाद्यात द्यायचा. त्या शेडमध्ये सगळी पूडच होती, आणि तीही सकाळी.

गोळा करण्याची वेळ. दिवसातून एकदा संध्याकाळी गोळा करत होते. पिंजऱ्याच्या उतारावर अंड्यावर अंडं येऊन आदळतं. आता दिवसातून तीन वेळा.

तडकलेलं अंडं ओळखायची जुनी पद्धत अजून सर्वांत जलद आहे. दोन अंडी चिमटीत धरून हलकेच एकमेकांना लावायची. शाबूत अंडं ‘टण्’ असा घट्ट आवाज देतं, तडकलेलं ‘टप्’ असा बसका. सवय झालेला हात ट्रेभर अंडी मिनिटाभरात तपासतो. केसाएवढी चीर मात्र आवाजात कळत नाही, तिला उजेड लागतो. चपलांच्या खोक्याला तीन सेंटिमीटरचं भोक पाडून आत मोबाईलची टॉर्च ठेवली. भोकावर अंडं धरून फिरवलं की चीर पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते.

१२ जुलै

आज होस्पेटचा दर नरम. आपला श्रावण अजून तेरा दिवस लांब आहे, मग आत्ताच का, असा प्रश्न दोन शेडवाल्यांनी विचारला. कारण उत्तरेत. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो, यंदा ११ जुलैला. तिकडची मागणी कमी झाली की तिकडे जाणारा माल दक्षिणेतच फिरतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र दोन्हीकडे अमावास्येला संपणारा महिना, म्हणून सीमेच्या अलीकडे-पलीकडे श्रावण एकाच दिवशी. दर मात्र आधीच उतरलेला असतो. पाटीच्या कोपऱ्यात उत्तरेतल्या श्रावणाची तारीखही लिहायची.

१९ जुलै

खाद्याचा हिशेब. अंड्याचा भाव परवडतो की नाही हे दरपाटी सांगत नाही, खाद्याची वही सांगते. खर्चाचा सुमारे सत्तर टक्के भाग खाद्याचा.

अंड्यावर असलेली लेयर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. खाद्य किलोला २८ रुपये धरलं तर पक्ष्यामागे रोज ३.०८ रुपये. पण शंभर पक्षी शंभर अंडी देत नाहीत. उत्पादन ९० टक्के असेल तर अंड्यामागे खाद्य ३.४२ रुपयांचं पडतं, ८० टक्क्यांना ३.८५ आणि ७० टक्क्यांना ४.४०. पक्षी तेवढंच खातो, अंडी कमी होतात. किलोमागे खाद्य एक रुपयाने चढलं की ९० टक्के उत्पादनावर शेकड्याला १२ रुपये वाढतात. खाद्याचा भाव हलला की हा १२ चा आकडा डोक्यात यायला हवा.

त्यावर पक्ष्याची झीज. तलंग (अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी) ३५० ला आणली, म्हातारी झाल्यावर १२० ला गेली आणि मधल्या काळात ३२० अंडी दिली, तर अंड्यामागे ७२ पैसे. बरेचजण हा आकडा धरतच नाहीत. म्हणून नवा कळप आणायची वेळ आली की हातात पैसे नसतात. औषध, लस, वीज, मजुरी हे वेगळं.

सांडणं. खाद्याची पन्हाळी काठोकाठ भरली की कोंबडी चोचीने खाद्य बाहेर उडवते. पक्ष्यामागे ५ ग्रॅम सांडलं तर हजार पक्ष्यांत दिवसाला ५ किलो, १४० रुपये, महिन्याला ४,२००. पन्हाळ एकतृतीयांशच भरायची आणि दिवसातून तीन-चार वेळा हात फिरवायचा.

न घालणारी कोंबडी वेचणं हा सर्वांत स्वस्त उपाय. संध्याकाळी पक्षी शांत असताना एकेक हातात घ्यायचा. मागच्या बाजूला, गुदद्वाराच्या खाली दोन हाडं बोटाला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसली तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम शिरलं तर थांबली आहे. घालणारीचं गुदद्वार ओलसर, रुंद आणि फिकट असतं, थांबलेलीचं आकसलेलं, कोरडं, पिवळसर. तुरा लालभडक आणि गरम की सुकलेला आणि थंड, तेही बघायचं. ५०० पक्ष्यांच्या शेडमध्ये अशा २७ निघाल्या. त्या दिवसाला ८३ रुपयांचं खाद्य फुकट खात होत्या.

२५ जुलै

आजपासून श्रावण. ब्रॉयलर आणि लेयर यांच्यातला फरक इथे कळतो. ब्रॉयलर ३५ ते ४२ दिवसांत तयार होतो. जूनच्या मध्यात पिल्लू टाकणारा नेमका श्रावणात माल घेऊन उभा राहतो, आणि तयार पक्षी रोज खाऊन वजनाने वाढत जातो, गिऱ्हाईकाला मात्र दोन किलोचाच हवा असतो. यावर तारीख बदलणं एवढाच इलाज. मेच्या शेवटच्या आठवड्यानंतर स्वतःच्या पैशाने पिल्लं टाकू नयेत, पुन्हा टाकायची ती गौरी-गणपतीनंतर उचल होईल अशी.

लेयरला असा खटका नाही, ती श्रावणातही घालतेच. तिच्या बाबतीत हातात एकच गोष्ट, म्हातारे पक्षी कधी विकायचे. आषाढात त्यांना किलोवर चांगली मागणी असते, अमावास्येच्या आठवड्यात सर्वांत जास्त. तीन शेडनी ६८ आठवड्यांच्या वरचे पक्षी गेल्या आठवड्यातच काढले. एकाने ‘आणखी महिनाभर अंडी देतील’ म्हणून ठेवले. उत्पादन ७० च्या खाली आहे, वरच्या हिशेबाने अंड्यामागे साडेचार रुपये खाद्यातच जातात, आणि विकायला गेला तर आता भाव नाही.

९ ऑगस्ट

शाळांचा पुरवठा. कर्नाटकात सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते दहावीच्या मुलांना आठवड्याचे सहा दिवस अंडं किंवा केळं मिळतं. त्यातले चार दिवस अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशातून, सप्टेंबर २०२४ पासून. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सरकारी मराठी शाळाही त्यात आल्या. गावातल्या शेडला हे कायमचं गिऱ्हाईक आहे, श्रावण असो की नसो.

अडचण दराची. योजनेत अंड्यामागे रक्कम ठरलेली, त्यातच उकडणं आणि सोलणं. बाजार चढला की शाळा बारीक माल मागते, आणि नव्या तलंगांची ४२-४४ ग्रॅमची अंडी तिथे खपवायचा मोह होतो, कारण घाऊकवाला त्यांना कापतो. हे करायचं नाही असं ठरलं. ५० ग्रॅमच्या खालचं अंडं शाळेला जाणार नाही. काही मुलांच्या दिवसाच्या जेवणातलं सगळ्यात पौष्टिक तेच असतं. तलंगांची अंडी खानावळींना ट्रेवर, वजन सांगून.

दर महिन्याला एकदाच ठरवायचा, मागच्या महिन्याच्या होस्पेट सरासरीवर. रोजच्या दराने शाळेशी व्यवहार जमत नाही.

३० ऑगस्ट

एका शेडमध्ये मानमोडी (राणीखेत रोग). सुरुवात हिरवट पातळ विष्ठा, धापा आणि अंडी एकदम कमी होण्यापासून. पाचव्या दिवशी माना वळलेले पक्षी. त्यावरची लासोटा लस दिली होती, आठव्या आठवड्याच्या सुमाराची आर२बी ही दुसरी लस राहून गेली होती. शंका बाजारातून परत आलेल्या कागदी ट्रेवर. त्यांना वाळलेली विष्ठा आणि फुटलेल्या अंड्याचा चिकटा होता, आणि ते थेट शेडमध्ये गेले होते.

नियम : बाजारात गेलेला कागदी ट्रे शेडमध्ये परत येणार नाही. तो रद्दीत किंवा चुलीत. जुन्या ट्रेचे वाचलेले पैसे एका साथीत शंभरपट जातात. प्लास्टिकचे ट्रे गेटाबाहेर आधी साबणाच्या पाण्यात घासायचे, मग जंतुनाशकात बुडवायचे, मग उन्हात. घाण असताना जंतुनाशक ओतून उपयोग होत नाही, विष्ठेखाली विषाणू तसाच राहतो. शनिवारच्या बाजारात न विकलेली कोंबडी घरी आणली तर पंधरा दिवस वेगळ्या खुराड्यात.

त्या शेडची अंडी दरपाटीच्या मालात मिसळली नाहीत. गावात ‘बर्ड फ्लू आला’ अशी कुजबुज लगेच सुरू झाली, म्हणून डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली आणि पाटीवर रोगाचं नाव स्पष्ट लिहिलं. अफवेचा दरावर काय परिणाम होतो हे या जिल्ह्याने पाहिलं आहे. मार्च २०२० मध्ये कोंबडीतून करोना होतो या खोट्या बातमीने भाव एवढा पडला की गोकाक तालुक्यात जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या गेल्या. लपवून ठेवलं की अफवा दुप्पट पळते.

२४ सप्टेंबर

नवरात्र आणि शाळांची सुट्टी एकत्र आली, माल साठतोय. किती दिवस धरता येईल हे बघायला एक ट्रे १५ तारखेपासून तोलून ठेवला होता, साध्या हवेशीर खोलीत. पहिल्या दिवशी अंड्यांचं वजन १,६६२ ग्रॅम, आज नऊ दिवसांनी १,६३३. म्हणजे २९ ग्रॅम पाणी कवचाच्या छिद्रांतून गेलं. टॉर्चवर धरलं की हवेची पोकळी वाढलेली स्पष्ट दिसते. पाण्यात टाकलं तर तळाला आडवं न राहता रुंद टोक वर उचलतं. खायला अजून चांगलं आहे, पण घाऊकवाल्याने टॉर्च लावली तर ‘शिळा माल’ म्हणून कापणार.

साठवायचंच असेल तर १० ते १३ अंश आणि ७५ ते ८० टक्के ओलावा लागतो. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून भाव चढेल या आशेने आठवड्यावर माल धरू नये. आणि साठवणीआधी अंडी धुऊ नयेत. कवचावरचा नैसर्गिक थर धुतला जातो आणि छिद्रं उघडी पडतात. डाग असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने पुसायचा.

१३ ऑक्टोबर

शाळांची सुट्टी सर्वेक्षणासाठी १८ तारखेपर्यंत वाढली, त्यापाठोपाठ दिवाळी. शाळेवर अवलंबून असलेल्या दोन शेडना दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं. शाळेला एकूण मालाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त बांधून ठेवू नये.

मक्याची खरेदी सुरू. बैलहोंगल, गोकाक भागातून नवा मका येतोय, ओला. ओला मका घेतला की पाण्याचेही पैसे जातात. हिशेब असा : १८ टक्के ओलाव्याचा टनभर मका वाळवून १४ टक्क्यांवर आणला की ९५३ किलो भरतो. ४७ किलो पाण्याचे पैसे गेले. १४ च्या वरचा मका साठवला की गरम होतो, बुरशी धरते, आणि बुरशीच्या विषाने यकृत खराब होऊन अंडी कमी होतात.

ओलावा मोजायचं यंत्र नसेल तर मिठाची परीक्षा. काचेची कोरडी बाटली घ्यायची, एकतृतीयांश मका, त्यात दोन-तीन चमचे कोरडं, कढईत गरम करून गार केलेलं मीठ. दोन-तीन मिनिटं जोरात हलवून बाटली तशीच ठेवायची. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर. सगळं खाली बसलं आणि काच स्वच्छ राहिली तर घ्यायला हरकत नाही. दमट मीठ वापरलं तर परीक्षा खोटी ठरते, पहिल्या दिवशी तेच झालं आणि चांगला मका परत पाठवायची वेळ आली होती. पोतं वरून न बघता बांबूने मधला दाणा काढायचा. तुटका दाणा जास्त असेल तर सोडायचा, बुरशी तिथूनच सुरू होते.

८ नोव्हेंबर

गोव्याचा हंगाम सुरू, चोर्ल्याच्या वाटेने अंडी आणि ब्रॉयलर दोन्हींची ओढ वाढली. आज या प्रकल्पातला सर्वांत कामाचा हिशेब मांडला.

शहरातला घाऊकवाला गावच्या शेडला सांगतो, ‘होस्पेटपेक्षा पंचवीस कमी’. म्हणजे ४७५. माल थोडा, रोजची खात्री नाही, हे त्याचं म्हणणं. पण तोच माल त्याने होस्पेटहून आणला तर काय पडतो? जाहीर ५०० वर तिथेही कटती (दरात सूट) मिळते, समजा ४८५ ला उचलला. अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. गाडीत ३०० पेट्या म्हणजे ६३,००० अंडी, भाडं १२,६०० धरलं तर शेकड्याला २०. चढ-उताराची हमाली ३, फूट ५. बेळगावात पोच, म्हणजे दारात येऊन पडणारा दर, ५१३. ज्याला दारातला माल ४७५ ला मिळतो, त्याला बाहेरचा ५१३ ला पडतो. मधले ३८ रुपये कोणाचे, हा खरा सौदा आहे, आणि तो आजवर बोललाच गेला नव्हता. शेडवाला होस्पेटच्या दरातून खाली मोजत होता, मोजायचं होतं पोच दरातून.

पूर्ण ३८ मिळणार नाहीत, मागूही नयेत. घाऊकवाल्याला एका ठिकाणी ३०० पेट्या मिळतात, इथे पाच दारं फिरावी लागतात. म्हणून पाचही शेडनी माल एकत्र करायचा, आठवड्यातून तीन ठरलेले दिवस, सकाळी आठच्या आत, वजनाने वेगळा केलेला, तडकलेली अंडी वेचून काढलेला. मागणी : होस्पेटच्या बरोबरीने, पोच देऊन. भाडं, फूट सगळं धरून त्याला १३ रुपये वाचतात आणि शेडला २५ वाढतात. दोन व्यापाऱ्यांपुढे हाच कागद ठेवला. एकाने ४९० कबूल केला, रोखीत. दुसरा ५०० द्यायला तयार, पंधरा दिवसांच्या उधारीवर.

वरवर ५०० बरा. पण खाद्याचं पोतं रोखीत ३० रुपयांनी स्वस्त मिळतं. ५० किलोचं पोतं, किलोला ६० पैसे, अंड्यामागे सव्वासात पैसे, शेकड्याला सात रुपये. उधारीचा ५०० म्हणजे रोखीचा ४९३. तीन रुपयांसाठी पंधरा दिवसांचे पैसे दुसऱ्याच्या हातात ठेवायचे नाहीत. ४९० रोख घेतला.

१५ नोव्हेंबर

फुटीची दुसरी मोजणी, तीच शेड, तेवढ्याच सहा पेट्या : १४ तडकलेली, २ गळकी. शेकड्याला साडेतीन रुपये. नवा कळप, खडा दुपारी, तीन वेळा गोळा, फळीवरचे ट्रे. यातलं कशाने किती फरक पडला ते वेगळं सांगता येत नाही, सगळं एकदमच बदललं होतं.

२२ नोव्हेंबर

पाटीचा आराखडा पक्का. तीन फूट बाय दोन फूट, काळा रंग, रेघा पांढऱ्या ऑईलपेंटने, आकडे खडूने. वर मराठी आणि कन्नड दोन्हीत : आजची तारीख, होस्पेट शेकडा, पुणे शेकडा. खाली ट्रे आणि पेटीचा भाव गुणून लिहिलेला, म्हणजे कोणाला डोक्यात हिशेब करावा लागणार नाही. मग बेळगाव पोच दर, व्यापाऱ्याने कबूल केलेला दर, पैसे किती दिवसांनी. गावरानची ओळ : नग आणि सरासरी वजन. उजव्या बाजूला उभी पट्टी खाद्याची, मका आणि सोयाबीन पेंड, आठवड्यातून एकदा.

नंदगडच्या पाटीवर कालचा आकडा न पुसता वरून नवा लिहिल्याने ५१० चा ५७० वाचला गेला आणि दोघेजण ट्रे न देता परत गेले. तिथे ओल्या फडक्याची दोरी बांधून दिली. आकडा लिहिणाऱ्याने आधी पुसायचं, मग तारीख लिहायची, दर शेवटी. तारीख जुनी दिसली तर दर वाचायचा नाही, हे पाटीच्या तळाशी रंगाने लिहून घेतलं आहे. येळ्ळूर आणि उचगावच्या पाट्या सोमवारी.